हलक्या हातानं

मी ब्लाउज शिवते. अमरावतीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझी मशीन आहे. गेली बावीस वर्षं मी आसपासच्या बायकांच्या अंगाची मापं घेते आहे. कोणाची छाती किती आणि कोणाचा दंड किती, हे मला त्यांच्या नवऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक. दुसऱ्यांना टेप लावता लावता स्वतःच्या अंगाकडे मात्र कधी बघितलं नाही. उजव्या छातीतली गाठ आंघोळीत हाताला लागली, तेव्हा ती बोराएवढी झाली होती.

कॅन्सरवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा बरं लिहितात. मी लिहिते आहे ते ऑपरेशननंतरच्या एका गोष्टीबद्दल. ही गोष्ट मला आधी कोणी सांगितली नाही, किंवा सांगितली असेल तर त्या गडबडीत मी ऐकली नाही. काखेतल्या गाठी काढल्या की काही बायकांचा हात सुजतो. ती सूज उतरवायला घरातल्या माणसाला रोज हलक्या हातानं मालीश करावं लागतं. आणि ते मालीश करून घ्यायला बाईला आधी ब्लाउजची हुकं काढावी लागतात. मला भीती सुईची नव्हती, ह्या हुकांची होती.

निदानाचा दिवस

सुधाकर म्हणजे माझे मालक. तोंडावर मी त्यांना नावानं हाक मारत नाही, पण लिहिताना सोपं पडतं. बाजारात त्यांचं विड्याच्या पानांचं दुकान आहे. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून सांगितलं. सुधाकरनी एकच प्रश्न विचारला, "हात तं चालंन ना साहेब तिचा? मशीनवर बसते ते."

मला इतका राग आला! बायको मरायला टेकली आणि ह्यांना मशीनची पडली आहे, असं मनात आलं. परत येताना त्यांनी गाडी घराकडे न नेता दुकानापुढे उभी केली. सकाळपासून पानं फिरवली नव्हती. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं, तर न फिरवल्यामुळे, हे सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेलं असतं. आमचं पोटच त्यावर चालतं. टोपलीतलं एकेक पान उलटून बघायचं, डागाळलेलं काढायचं, बाकीच्यांवर ओलं फडकं टाकायचं. मी स्टुलावर बसून बघत होते. ह्या माणसाला आज तरी पानं सुचावीत का? मग लक्षात आलं की ते तीच टोपली तिसऱ्यांदा फिरवत आहेत.

दवाखाना

दवाखान्याचं फार लिहीत नाही. ऑपरेशननंतर काखेतून एक नळी आणि तिला लावलेला डबा बरोबर घेऊन हिंडावं लागतं. त्यासाठी मी आधीच घरून खांद्याला अडकवायच्या दोन पिशव्या शिवून नेल्या होत्या, फुलाफुलांच्या कापडाच्या. एक मी वापरली, एक शेजारच्या खाटेवरच्या बाईला दिली. दोघी सारख्या पिशव्या अडकवून व्हरांड्यात फिरायचो. वॉर्डातली एक मावशी रोज सकाळी न विचारता माझी वेणी घालून द्यायची. पुढे केमोत केस गेले, तेव्हा मला पहिल्यांदा तिची आठवण आली.

शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला आम्ही अकोल्याला गेलो. तिथे माझ्या मोठ्या नणंदेकडे, शोभाताईंकडे राहिले. भर उन्हाळ्याचे दिवस, आणि अकोल्याचं ऊन काय असतं ते तिथल्यांनाच माहीत. शोभाताई सकाळीच माठावर ओली चादर गुंडाळायच्या आणि मला म्हणायच्या, "तुले आन ह्या माठाले सारखंच जपा लागते."

मधला लोड

घरी आले आणि मी पलंगाच्या मधोमध लोड ठेवला. हाताला धक्का लागतो, असं सांगितलं. हाताला लागत नव्हता. मला भीती वाटत होती की झोपेत त्यांचा हात माझ्या सपाट झालेल्या बाजूवर पडेल आणि ते दचकून काढून घेतील. कपडे बदलताना मी दाराला कडी लावायला लागले. लग्नाला चोवीस वर्षं झालेली, लेक लग्न होऊन मोर्शीला गेलेली, आणि मी नवऱ्यापासून नव्या नवरीसारखी अंग चोरत होते.

ते काहीच विचारत नव्हते. लोड सरकला तर सकाळी स्वतःच सरळ करून ठेवायचे. मी ह्याचा अर्थ असा घेतला की त्यांनाही तो हवाच आहे.

बाही

ऑपरेशननंतर दहा महिन्यांनी उजव्या हातात बांगडी जाईना. मी टेप लावला. उजवा दंड डाव्यापेक्षा दोन इंच जास्त भरला. पुन्हा लावला, तेवढाच. वजन वाढलं की बायका माझ्याकडे ब्लाउज घेऊन येतात आणि हळूच म्हणतात, "ताई, जराशीक बाही उसवून देता?" तशी मी माझीच बाही उसवली आणि पंधरा दिवस कोणाला बोलले नाही. मला वाटलं, आजार परत आला. मग एका दुपारी कात्री हातातून निसटून सुधाकरच्या पायाजवळ पडली. माझ्या हातून कात्री कधी पडत नाही, हे त्यांना माहीत होतं.

"दाखव हात," ते म्हणाले. "काहून सांगतलं नाई वं? दोन दिवसांत उतरवतो. तालमीत मोठमोठ्या पैलवानांची सूज उतरवली मी."

आमच्याकडे तालमीत वाढलेल्या माणसाला मालीश म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण कडकडवायचा, अंगठा रोवून खालून वर रगडायचं, अंगाला घाम सुटला पाहिजे. बाळंतिणीला असंच, मुरगळलेल्या पायाला असंच. त्यांनी तेल तापवलं. मी बाहीपासून खालचा हात पुढे केला.

आता खरं सांगते. मला दुखत होतं. सुरुवातीपासून दुखत होतं आणि मी बोलले नाही. दहा महिन्यांत मला हात लावणारा प्रत्येक माणूस हातमोजे घालून आला होता. हे उघडे हात होते, ओळखीचे, तेलानं गरम झालेले. दुखतं म्हटलं असतं तर ते थांबले असते. म्हणून मी डोळे मिटून पडून राहिले. वर त्यांनी गरम पाण्याची पिशवी लावली, तीही लावू दिली.

दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत लाल झाला आणि मला हुडहुडी भरली.

पुन्हा दवाखाना, डाव्या हाताला सलाईन. डॉक्टरांनी विचारलं, "हात कोणी चोळलाय का?"

मी म्हटलं, "नाही. पाण्याची बादली उचलली."

मागून सुधाकर बोलले, "खोटं बोलते ते. मी चोळला. तेल लावून चोळला."

डॉक्टर त्यांना जे बोलले ते बरोबरच होतं, पण इतकं चार माणसांत बोलायला नको होतं. पन्नाशीचा माणूस, हात मागे बांधून शाळेतल्या पोरासारखा ऐकत उभा होता. त्या दिवसापासून त्यांनी मला हात लावणं सोडलं. चहाचा कपसुद्धा हातात द्यायचे नाहीत, मशीनच्या कडेला ठेवून मागे सरकायचे. तेलाची बाटली त्यांनी फडताळात सगळ्यात वर, जुन्या देव्हाऱ्यामागे ठेवून दिली. आता लोड काढला असता तरी चाललं असतं. आमच्यात त्याहून रुंद काहीतरी येऊन पडलं होतं.

अकोल्याची बाई

ताप गेला, लाली गेली, सूज राहिली. शोभाताईंनी अकोल्यात फिजिओथेरपीची एक बाई शोधून काढली. वयानं आमच्या लेकीहून थोडी मोठी. तिनं आधी टेपनं माझे दोन्ही हात मापले. टेप कसा धरायचा ते तिला नीट येत होतं, म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला.

"काकू, हे पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. पण उतरेल. पट्टी बांधायची, व्यायाम करायचा, आणि रोज अर्धा तास मालीश. घरी कोण करेल?"

मी म्हटलं, "नणंद करतील."

सुधाकर खाली फरशीकडे बघत होते.

शोभाताई फाडकन म्हणाल्या, "मी अकोल्यात, तू अमरावतीत. मी काय रोज यस्टीनं येऊ तुह्या हातासाठी? नवरा मेला का तुहा?"

ती बाई हसू दाबत सुधाकरना म्हणाली, "या काका. मात्र हातापासून सुरू नाही करायचं. आधी मान, मग छाती, मग हात. पुढचा रस्ता मोकळा नाही केला तर हातातलं पाणी जाईल कुठं?"

मी उठून उभी राहिले. "छाती नाही."

"काकू, कपड्यावरून नाही होत. कातडीला हात लागावा लागतो."

"मग राहू द्या सुजलेला."

तिनं मला समजावलं नाही. तिनं स्वतःचा हात टेबलावर ठेवला आणि सुधाकरना म्हणाली, "निदान हातापुरतं तरी शिकून घ्या काका. करा बरं."

त्यांनी भीत भीत दाबलं.

"जड आहे. अजून हलकं."

"हे?"

"अजून. काका, ही कणीक नाही. कातडी फक्त सरकली पाहिजे. आतलं मांस दबलं नाही पाहिजे."

सुधाकरनी हात मागे घेतला. जरा वेळ स्वतःच्या बोटांकडे बघितलं, मग नुसती बोटांची पेरं तिच्या मनगटावर ठेवली आणि हळूच कडेला नेली. त्या बाईनं डोळे मिटले. "हे! असंच पाहिजे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींना हे यायला महिना लागतो. कुठं शिकले तुम्ही?"

"पानं फिरवतो बाई मी," ते म्हणाले. "नख लागलं तं दुपारपर्यंत पान कायं पडते."

सव्वीस वर्षं पानं फिरवून त्यांच्या बोटांत जे आलं होतं, ते माझ्या हातावर वापरायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. आम्हाला वाटलं, आजार मोठा आहे तर हातही जड पाहिजे.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर गेल्यावर मी म्हटलं, "मी तुम्हाला ती बाजू दाखवणार नाही."

"नोको दाखवू. मी डोये बांधून करतो. सडकं पान बोटाले आपोआप समजते."

"म्हणजे मी सडकं पान का?"

ते असे चपापले की गुडघा पुढच्या सीटवर आपटला आणि तिथल्या माणसानं वळून बघितलं. बडनेरा आलं. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "मी पानाचं बोललो. तुह्यावालं नाई बोललो."

दुपटा

बाजारातलं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं. तीच वेळ ठरली. मान आणि छातीचं कसं करायचं ते त्या बाईनं निघताना त्यांना चित्र काढून समजावलं होतं आणि कागदावर लिहूनही दिलं होतं. त्यांनी नखं कापली, हात साबणानं धुतले, पुसले, एकमेकांवर चोळून ऊन केले. दाराला कडी लावली, कूलर सुरू केला, आणि खरंच स्वतःच्या खांद्यावरचा दुपटा डोळ्यांवर बांधून पलंगाच्या कडेला बसले. मी हुकं काढली. चार हुकांना मला किती वेळ लागला ते विचारू नका.

आधी मान. गळ्याच्या दोन्ही बाजूंना त्यांची बोटं इतकी हलकी टेकली की मी रोखून धरलेला श्वास सोडला. मग डाव्या काखेकडे. मग छातीचा मधला भाग. मग बोटं उजवीकडे आली आणि जखमेच्या वणावर थांबली.

"दुखून राहिलं का?"

"नाही. तिथं मला कळतच नाही काही. बधिर आहे."

ते म्हणाले, "मले कळून राहिलं."

त्यांनी हात दचकून काढून घेतला नाही. इतके महिने मी ज्या क्षणाला भीत होते तो आला होता, आणि त्यांची बोटं तिथंच होती. मी वर बघितलं तर दुपट्याची कड ओली झाली होती. अर्धा तास झाल्यावर ते पाठ फिरवून बसले आणि मी हुकं लावून घेतली.

असं दहा दिवस चाललं. अकराव्या दिवशी डोळे बांधलेल्या माणसाचा अंदाज चुकला आणि त्यांचा पंजा सरळ माझ्या नाकावर आला. "हे काय आलं वं मधातच?" असं म्हणून ते चाचपडायला लागले. मला हसू आवरेना. आजार सुरू झाल्यापासून मी अशी पोट दुखेपर्यंत हसले नव्हते. हसता हसताच मी म्हटलं, "काढा ते आता."

"काढू?"

"काढा."

त्यांनी दुपटा काढला. कूलरच्या खिडकीतून उजेड येत होता. ते बघत राहिले, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. बायकांना पहिल्यांदा नवा ब्लाउज घालून आरशापुढे उभं केलं की मी त्यांचा चेहरा वाचते. ती माझी सवय आहे. ह्या चेहऱ्यावर मी किळस शोधत होते.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "शिलाई काई जमली नाई लेकाच्या डाक्टरले. तू मारली असती तं अशी चुणी पडली नसती."

मी पुन्हा हसले, आणि मग रडले. लोड त्या दिवशी मी गच्चीवर उन्हात टाकला आणि तिथंच विसरले.

माप

चार महिन्यांनी दोन इंचांची सूज पाऊण इंचावर आली. ती बाई म्हणते, एवढी राहील कदाचित. मी दिवसा सूज दाबून धरणारी घट्ट बाही घालते, दर अर्ध्या तासानं मशीनवरून उठते, आणि पूर्वीच्या निम्मे ब्लाउज घेते. कात्री पडत नाही.

तुमच्या घरी असं असेल तर आमची चूक करू नका. सुजलेल्या हाताला तेल लावून रगडू नका, शेकू नका. शिकलेल्या माणसाकडून आधी शिकून घ्या, आणि हात लाल होऊन ताप आला तर मालीश थांबवून आधी दवाखाना गाठा. आणि बायांनो, दुखत असेल तर बोला. स्पर्श हवा म्हणून दुखणं सोसू नका. मी सोसलं आणि दवाखान्यात पडले. नुसतं "जवळ बसा" म्हटलं असतं तरी ते बसले असते.

पण हे सांगणं मला तरी कुठं सोपं गेलं? सुधाकर आता मालीश करण्यात पक्के झाले होते. एक वाजता हात धुवायचे, घड्याळ बघायचे, मान, छाती, दंड, मनगट, आणि "झालं" म्हणून माझी बाही हातात द्यायचे. सगळं चोख. मला मात्र वेगळीच भीती वाटायला लागली. बायको म्हणून मी त्यांना परत मिळाले की नुसती पेशंट म्हणून? मालीश कागदावर लिहून दिलं होतं म्हणून ते मला हात लावत होते. ते लिहिलेलं नसतं तर?

एका दुपारी ते दुकानातून तीननंतर घरी आले. मालीश संपवून त्यांनी नेहमीसारखं "झालं" म्हटलं आणि बाही उचलली. मी म्हटलं, "थांबा," आणि डावा हात पुढे केला.

त्यांचा चेहराच उतरला. "ह्याले काय झालं?"

"काही नाही झालं."

"सुजला का? खरं सांग वं."

"काहीच नाही झालं त्याला. चांगला आहे. म्हणूनच."

त्यांना कळायला जरा वेळ लागला. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, चार वाजत आले होते. ते उठले. मला वाटलं, चालले दुकानाला, आणि उगाच बोलले असं झालं. ते फडताळाकडे गेले. स्टुलावर चढून वरच्या कप्प्यात जुन्या देव्हाऱ्यामागे चाचपडले, आणि तिळाच्या तेलाची ती बाटली घेऊन खाली उतरले. दुपट्यानं तिच्यावरची धूळ पुसली.

"ह्या हाताले तं तेल चालते ना?"

"चालते."

त्यांनी तळहातावर तेल घेतलं, ऊन होईपर्यंत चोळलं, आणि माझ्या डाव्या हाताचं एकेक बोट धरून सुरुवात केली. अंगठा रोवला नाही. कोणत्या दिशेनं न्यायचं, किती वेळा फिरवायचं, ह्याचा कुठलाच नियम त्या हाताला नव्हता. मनगटाशी आले, कोपराशी आले, खांद्याशी आले. मी त्यांना बस म्हटलं नाही.

ज्या दिवशी माझा रिपोर्ट आला, त्या दिवशीसुद्धा सुधाकरनी दुकान उघडून पानं फिरवली होती. डाव्या हाताच्या त्या दुपारी मात्र फिरवली नाहीत.